शब्दचर्चा : ‘जबरन भर्ती’ला मराठीत काय म्हणायचं?

रामबागकर (इंदूर)
एका हिंदी रहस्यपटाला मराठी उपशीर्षकं द्यायची आहेत. इस्टेटीसाठी धाकटा भाऊ धडधाकट थोरल्या बहिणीला मनोरुग्णालयात टाकतो. वाक्य अडलंय ते हे : “मुझे यहाँ जबरन भर्ती किया गया है.” आपल्या इंदुरी तोंडात सहज येतं, ‘मला जबरदस्तीनं भरती केलंय’. पण पुण्याकडच्या वाचकाला भरती म्हणजे एकतर पोलिसांची, नाहीतर समुद्राची. दाखल, कोंडणे, डांबणे, स्थानबद्ध, यांतलं काय घ्यावं? ओळ चाळीस अक्षरांत बसायला हवी.

दांडियाबाजार (बडोदे)
‘स्थानबद्ध’ आधी काढून टाका. ते सरकार करतं, प्रतिबंधक कायद्याखाली. भाऊ बहिणीला स्थानबद्ध करत नाही. ‘दाखल’ एकटं लिहिलंत तर त्यात गैर काहीच दिसत नाही. उरले दोन. माणूस रागानं स्वतःला खोलीत कोंडून घेतो. धूर कोंडतो, श्वास कोंडतो. ‘तिनं स्वतःला डांबून घेतलं’ असं मात्र कोणी म्हणत नाही. डांबायला दुसरा माणूस लागतो आणि त्याची दांडगाई लागते. शिवाय कोंडणं तासाभराचंही असतं, डांबून ठेवणं लांबतं. “मला इथं डांबून ठेवलंय.” अक्षरंही निम्मीच लागली.

लश्करवाले (ग्वाल्हेर)
बाईच्या तोंडी ‘डांबून’ बरोबर. पण पुढे वकील येत असेल तर त्याला कायद्याचा शब्द द्या. इकडे पोलिसांच्या हिंदी कागदावर ‘सदोष परिरोध’ असतं. ते मराठीत जसंच्या तसं उचलू नका; सदोष म्हटलं की मराठी कानाला मिक्सर बिघडल्यासारखं वाटतं. भारतीय दंडसंहितेच्या मराठी पाठातला शब्द आहे ‘गैरपरिरोध’. त्याचा जोडीदार ‘गैरनिरोध’. जायचा हक्क असलेली वाट अडवली तर निरोध. ठरावीक हद्दीबाहेर पडूच दिलं नाही तर परिरोध. (वकिलाला चुकून ‘निरोध’ म्हणायला लावलंत तर थिएटरात हशा पिकेल, त्या नावाचं काय विकलं जातं ते सगळ्यांना ठाऊक आहे.)

कलमंही तपासा. जुन्या संहितेत व्याख्या ३३९ आणि ३४० मध्ये होत्या. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत १२६ आणि १२७. साध्या गैरपरिरोधाला एक वर्षापर्यंत कैद. तीन दिवस किंवा जास्त झाले तर तीन वर्षांपर्यंत. दहा दिवस किंवा जास्त झाले तर पाच वर्षांपर्यंत. म्हणजे भिंतीवर रेघा मारून दिवस मोजणारी नायिका असेल तर त्या रेघांना कायद्यातही किंमत आहे.

रामबागकर
उत्तम. दुसरं वाक्य भावाचं : “एक डॉक्टर की चिट्ठी काफ़ी है.” कथा आजच्या काळातली आहे. ‘डॉक्टरचा एक दाखला पुरतो’ चालेल?

पागनीसपागा (इंदूर)
भाषा चालेल, माहिती चालणार नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चा, लागू झाला २९ मे २०१८ ला. त्याच्या कलम ८९ खाली रुग्णाच्या संमतीशिवाय दाखल करायचं तर दोघांनी स्वतंत्रपणे तपासावं लागतं, त्याच दिवशी किंवा आधीच्या सात दिवसांत. दोघांपैकी एक मनोविकारतज्ज्ञच हवा. दुसरा मानसिक आरोग्य व्यावसायिक किंवा साधा डॉक्टर चालतो. म्हणून ‘मानसतज्ज्ञ’ असा मोघम शब्द टाळा, त्यात कोण कोण ते कळत नाही. अर्ज नामनिर्देशित प्रतिनिधीचा लागतो. रुग्णानं आधी कोणाला नेमलेलं नसेल तर नातेवाइकाचा नंबर लागतो. तुमचा भाऊ आत शिरतो तो इथूनच. मुदत तीस दिवसांची. त्यापुढे ठेवायचं तर कलम ९० आणि पुन्हा तपासणी.

स्त्री दाखल झाली की तीन दिवसांत मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाला (याच कायद्यानं नेमलेलं, अशा प्रकरणांवर नजर ठेवणारं मंडळ) कळवायचं, पुरुषाचं सात दिवसांत. बाई स्वतःही मंडळाकडे अर्ज करू शकते. तेव्हा कारस्थान कुठे दडवायचं ते उघड आहे : दुसरी सही न तपासता केलेली, तारीख मागची घातलेली, मंडळाला कळवलेलंच नाही. भावाला म्हणू द्या, “दोन सह्या झाल्या की झालं.” यानं तो जास्त धूर्त वाटतो.

एकांतकोठडीला हा कायदा मनाई करतो. भूल आणि स्नायू सैल करणारं औषध दिल्याशिवाय विजेचे झटके देणंही बंद आहे. पडद्यावर ते दिसत असेल तर उपशीर्षकात ‘उपचार’ लिहू नका, ‘शॉक दिले’ एवढंच लिहा.

दांडियाबाजार
शेवटच्या प्रसंगात सुटका असेल तर आमच्या बडोदेकर सवयीपासून जपा. आम्ही गुजरातीच्या वळणानं ‘दवाखान्यातून रजा दिली’ म्हणतो, तुम्ही इंदूरकर ‘छुट्टी झाली’. मनोरुग्णालयात मात्र रजा ही वेगळी सोय आहे, कलम ९१ : काही काळ बाहेर जाऊन परत यायचं. सुटलेल्या बाईला ‘रजा’ दिलीत तर वाचक ती परत कधी जाणार याची वाट पाहत बसेल. ‘घरी सोडलं’ लिहा.

लश्करवाले
आणि ‘पागल साबित कर दिया’ आलं तर ‘वेडी ठरवलं’ लिहा. ‘वेड्यात काढलं’ ऐकायला झकास आहे, पण त्याचा अर्थ खुळ्यात जमा केलं, बोलणं उडवून लावलं. ते पहिल्या अर्ध्या तासात शोभेल, घरचे तिचं ऐकत नाहीत तिथं. कागद झाल्यावर ‘ठरवलं’. वेड पांघरून पेडगावला जाण्याची म्हणही इथं नको. त्यात वेड स्वतः पांघरायचं असतं, इथं भावानं अंगावर घातलंय.

रामबागकर
मग असं धरतो. बाई : “मला इथं डांबून ठेवलंय.” भाऊ : “दोन सह्या झाल्या की झालं.” वकील : “हा गैरपरिरोध आहे. आज अकरावा दिवस.” मूळ हिंदीत वकील ‘कई दिनों से’ म्हणतो, पण आधीच्या प्रसंगात भिंतीवरच्या रेघा अकराच आहेत, मोजल्या.