समजपत्र हातात दिल्यानंतर गाडीच्या झडतीची परवानगी मागणे न्याय्य होते का?

परदेशस्थ :

नमस्कार. अमेरिकेत राहणाऱ्या आणि येथील कायद्याची जाण असणाऱ्या जाणकारांचे मत हवे आहे.

अलीकडेच एका रात्री मी वडिलांना विमानतळावरून घेऊन घरी येत होतो. इंटरस्टेट (राज्ये जोडणारा महामार्ग) सोडून गावातल्या रस्त्याला लागलो आणि मागे लाल-निळे दिवे लागले. मी गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केले, आतला दिवा लावला आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले. अधिकाऱ्याने खिडकीशी येऊन पहिला प्रश्न विचारला, तो म्हणजे मला का थांबवले हे ठाऊक आहे का. मला खरोखरच ठाऊक नव्हते. मागच्या नंबरप्लेटवरचा दिवा बंद आहे, हे त्यानंतर कळले. लायसन्स, रजिस्ट्रेशन आणि विम्याचा कागद घेऊन तो आपल्या गाडीत गेला. परत आल्यावर त्याने मला खाली उतरवून मागे नेले, बंद दिवा दाखवला, लेखी समज हातात दिली, दंड नाही असे सांगितले आणि कागदपत्रे परत केली.

प्रकरण मिटले असे समजून मी वळणार, तोच त्याने विचारले की गाडीत अमली पदार्थ, शस्त्र किंवा मोठी रोकड आहे का, आणि नसेल तर एकदा पाहिले तर चालेल ना. मी होकार दिला. त्याच्या गाडीवरचे दिवे तसेच सुरू होते आणि तो माझ्या व दरवाजाच्या मध्ये उभा होता. मला निघून जाण्याची मुभा आहे असे मानायला त्या क्षणी काहीच आधार नव्हता.

एकदा पाहणे म्हणजे डिकीत डोकावणे, असे मी समजलो होतो. प्रत्यक्षात वडिलांच्या दोन्ही बॅगा रस्त्याकडेच्या खडीवर उघडल्या गेल्या आणि त्यांच्या मधुमेहाच्या गोळ्यांच्या पट्ट्या टॉर्चच्या उजेडात एकेक करून उलटून पाहिल्या गेल्या. वडिलांनी मला मराठीतून विचारले, “आपल्याकडून काही चुकलंय का रे?” काहीच सापडले नाही. अधिकारी शेवटपर्यंत सभ्यपणे बोलला, आभार मानून निघून गेला, आणि बॅगा आम्ही भरल्या.

माझा प्रश्न असा आहे की हे सारे नियमाला धरून होते का, आणि नियमाला धरून असले तरी न्याय्य होते का? आमचा वर्ण आणि बोलण्याची ढब यांचा या मागणीशी संबंध असावा का?

सरळवाट :

मी येथे फौजदारी खटल्यांत बचाव पक्षाचे काम करतो. आपल्या राज्याचे नियम पाहिल्याशिवाय ठाम सल्ला देणे योग्य होणार नाही, परंतु संघराज्याच्या पातळीवरचे चित्र बरेच स्पष्ट आहे.

थांबवणे कायदेशीर होते. वाहतुकीचा नियम मोडलेला अधिकाऱ्याने स्वतः पाहिला असेल, तर त्याच्या मनात आणखी कोणता हेतू होता हे न्यायालय चौथ्या घटनादुरुस्तीखाली (अवाजवी झडती व अटकावापासून संरक्षण देणारे कलम) तपासत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा १९९६ चा व्रेन खटल्यातील निकाल आहे. गाडीतून उतरायला सांगणेही कायदेशीर होते. तो अधिकार १९७७ च्या मिम्स खटल्याने दिला.

खरी मेख समजपत्र हातात पडल्यानंतरच्या क्षणात आहे. २०१५ च्या रॉड्रिगेझ खटल्यात नेब्रास्कातील एका चालकाला गाडी रस्त्याच्या कडेवर गेल्याबद्दल थांबवले होते. लेखी समज देऊन झाल्यावर अधिकाऱ्याने अमली पदार्थ हुंगणारे श्वान गाडीभोवती फिरवण्याची परवानगी मागितली, चालकाने ती नाकारली, तरीही त्याला थांबवून ठेवण्यात आले. समज दिल्यापासून श्वानाने इशारा देईपर्यंत सात-आठ मिनिटे गेली, आणि एवढा वेळसुद्धा, स्वतंत्र वाजवी संशय (म्हणजे ठोस गोष्टींवर आधारलेला गुन्ह्याचा संशय) नसेल तर, घटनाबाह्य आहे असे न्यायालयाने ठरवले. ज्या कामासाठी थांबवले ते काम संपले की पोलिसांचा थांबवण्याचा अधिकारही संपतो, हा त्या निकालाचा गाभा आहे.

मग आपल्याला त्याचा लाभ का मिळत नाही? कारण रॉड्रिगेझने नाही म्हटले होते आणि आपण हो म्हटले. ओहायोतील रॉबिनेट खटल्यात (१९९६) प्रसंग जवळजवळ आपल्यासारखाच होता : वेगमर्यादा ओलांडल्याबद्दल तोंडी समज, लायसन्स परत, आणि लगेच गाडीत काही बेकायदा आहे का हा प्रश्न. “आता तुम्ही जाऊ शकता” असे आधी सांगणे अधिकाऱ्यावर बंधनकारक नाही. संमती स्वेच्छेची होती की नाही हे सर्व परिस्थिती पाहून ठरेल, असे न्यायालयाने म्हटले. त्याच्याही आधी, १९७३ च्या श्नेकलॉथ खटल्यात, नकार देण्याचा हक्क आहे हे ठाऊक नसताना दिलेली संमतीही ग्राह्य धरता येते असे ठरले होते. त्या खटल्यातली गाडी रात्री पावणेतीनच्या सुमारास थांबवली होती, आणि कारण होते एक हेडलाइट व नंबरप्लेटवरचा दिवा बंद असणे. गेली पन्नास वर्षे संमतीच्या कायद्याचा पाया ठरलेला हा निकाल आपल्यासारख्याच एका दिव्यापासून सुरू झाला, हे मला आजही अस्वस्थ करते.

बॅगांबद्दल : अमली पदार्थांसाठी गाडी पाहण्याची सरसकट परवानगी दिली, तर ते ज्यात मावतील अशा बंद वस्तूही त्यात येतात, असे १९९१ च्या हिमेनो खटल्यात ठरले. मात्र परवानगी देणारा तिला मर्यादा घालू शकतो. शिवाय बॅगा आपल्या नव्हत्या, वडिलांच्या होत्या, आणि त्यांना कोणी विचारलेच नाही. हा मुद्दा काही न्यायालयांनी गांभीर्याने घेतला आहे.

थोडक्यात, आपल्या प्रकरणात पोलिसांनी कायद्याची चौकट ओलांडली असे न्यायालयात सिद्ध करणे कठीण जाईल. माझ्या मते मात्र हे न्याय्य नव्हते. “आता तुम्ही मोकळे आहात” हे एक वाक्य उच्चारायला अधिकाऱ्याला काहीही कष्ट पडत नाहीत, आणि ते न उच्चारण्यातच त्या संमतीचे सारे बळ असते.

रात्रपाळी :

माझा मुलगा एका शेरीफच्या (काउंटीच्या पोलीसप्रमुखाच्या) खात्यात डेप्युटी, म्हणजे पोलीस अधिकारी, आहे आणि बहुतेक वेळा रात्रीच काम करतो, त्यामुळे दुसरी बाजूही मांडली जावी असे मला मनापासून वाटते.

नंबरप्लेटवरचा दिवा क्षुल्लक वाटतो, पण धडक देऊन पळालेली गाडी किंवा चोरीची गाडी अंधारात ओळखायची तर तीच प्लेट वाचावी लागते. आत कोण बसले आहे हे दिसत नसताना त्या गाडीपर्यंत एकट्याने चालत जाणे, आणि त्याच वेळी पाठीमागून भरधाव येणाऱ्या वाहनांकडे लक्ष ठेवणे, हे काम तो रोज करतो. थांबलेल्या आपत्कालीन वाहनापासून लांबून गाडी न्यावी, हा कायदा पन्नासही राज्यांना करावा लागला, तो अशा रस्त्याकडेच्या मृत्यूंमुळेच.

आपल्या प्रसंगात अधिकाऱ्याने दंड केला नाही, आवाज चढवला नाही, धमकी दिली नाही. त्याने विचारले आणि आपण परवानगी दिली. माणसांची व शस्त्रांची तस्करी पकडली जाते ती बऱ्याचदा अशाच साध्या थांब्यांवर. विचारण्यालाच अन्याय म्हटले, तर अधिकाऱ्याने करायचे तरी काय? वडिलांना जो मनस्ताप झाला त्याचे मला वाईट वाटते, आणि बॅगा पुन्हा भरून द्यायला हव्या होत्या हेही मी मान्य करतो.

समतोल :

रात्रपाळी यांनी मांडलेला धोका खरा आहे आणि त्याबद्दल आदर बाळगूनच लिहितो. परंतु त्या धोक्याचा आधार थांबवण्याला आणि गाडीतून उतरवण्याला मिळतो. समजपत्र देऊन झाल्यावर थांबा लांबवण्याला तो मिळत नाही. अधिकाऱ्याची सुरक्षितता हाच निकष लावला, तर काम संपताच चालकाला निरोप देणे हेच दोघांसाठी अधिक सुरक्षित होते. ज्याला कसलाही संशय आलेला नाही, त्याने रात्री रस्त्याच्या कडेला वाकून दोन बॅगा तपासत राहणे, हा धोका त्याने स्वतःच ओढवून घेतला.

विचारण्यात अन्याय काय, याचे उत्तर न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये कार्टी खटल्यात दिले आहे. रस्त्यावर थांबवलेल्या माणसाला नकार देणे खऱ्या अर्थाने शक्य नसते, हे ओळखून त्या राज्यात झडतीची परवानगी मागण्यासाठीसुद्धा आधी वाजवी संशय असावा लागतो. नकार देता येतो हे चालकाला ठाऊक होते, हे दाखवण्याची जबाबदारीही तेथे सरकार पक्षावर आहे, आणि तो नियम १९७५ पासूनचा आहे. म्हणजे हीच घटना तेथे घडली असती, तर झडतीची परवानगी मागणेच बेकायदा ठरले असते. त्यासाठी तेथील पोलिसांना रस्त्यावरचे काम थांबवावे लागलेले नाही.

पहिल्या प्रश्नाबद्दलही दोन शब्द. “का थांबवले ठाऊक आहे का?” हा प्रश्न चालकाच्या तोंडून कबुली काढण्यासाठी असतो. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२४ पासून, जिवाला किंवा मालमत्तेला तातडीचा धोका असल्याखेरीज, थांबवण्याचे कारण आधी सांगून मगच चौकशी करावी लागते. व्हर्जिनियात २०२१ पासून केवळ नंबरप्लेटच्या दिव्यासाठी गाडी थांबवताच येत नाही. फिलाडेल्फियाने २०२२ मध्ये एखादा दिवा बंद असण्यासारख्या किरकोळ कारणांसाठी थांबवणे बंद केले; तेथे गाडी न अडवता नोटीस पाठवता येते. रस्त्याची सुरक्षितता राखूनही हे करता येते, एवढेच मला सुचवायचे आहे.

वर्णाच्या प्रश्नाला मात्र सावधपणे उत्तर द्यावे लागेल. स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी देशभरातील सुमारे दहा कोटी थांब्यांच्या नोंदी अभ्यासून २०२० मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. अंधार पडल्यावर, म्हणजे चालकाचा चेहरा दिसेनासा झाल्यावर, थांबवलेल्यांमध्ये कृष्णवर्णीयांचे प्रमाण घटते, असे त्यांना आढळले. झडतीच्या बाबतीतही कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक (लॅटिन अमेरिकी वा स्पॅनिशभाषक वंशाच्या) चालकांना कमी पुराव्यावर तपासले जाते, असे दिसले. हा पुरावा लाखो नोंदी एकत्र पाहिल्यावर उभा राहतो, आणि त्यावरून एका अधिकाऱ्याच्या मनात काय होते हे सांगता येत नाही. आपल्या बाबतीत मागून येणाऱ्याला रात्री फक्त न पेटलेला दिवा दिसला असेल, म्हणून थांबवण्यामागे वर्ण असण्याची शक्यता मला कमी वाटते. झडतीची मागणी मात्र चेहरा पाहिल्यानंतर आणि बोलणे ऐकल्यानंतर झाली. थांबवण्याला दिव्याचे कारण होते. झडतीला आपण सांगितलेल्या हकिकतीत एकही कारण दिसत नाही, आणि शंका घ्यायला जागा उरते ती तेथेच.

परदेशस्थ :

आपण सर्वांनी वेळ काढून लिहिलेत, त्याबद्दल आभारी आहे. रात्रपाळी, आपल्या चिरंजीवांच्या कामातला धोका मला समजतो, आणि त्या अधिकाऱ्यावर सूड उगवण्याची माझी इच्छा नाही. परंतु वडिलांचा तो प्रश्न माझ्या मनातून जात नाही. त्यांनी चाळीस वर्षे सरकारी नोकरी केली, पोलिसांशी त्यांचा कधी संबंध आला नाही, आणि या देशातल्या पहिल्याच रात्री आपल्यावर कसला तरी संशय आहे, एवढेच त्यांना कळले. आपल्याला का थांबवून ठेवले आहे आणि ते केव्हा संपले, हे त्यांना समजेल अशा रीतीने कोणी सांगितले असते, तर मी हा प्रश्न विचारलाच नसता. आता पुढे काय करता येईल आणि पुन्हा असे झाले तर काय म्हणावे, हे सरळवाट यांनी सांगावे ही विनंती.

सरळवाट :

वडिलांबद्दल एक गोष्ट राहून गेली होती. गाडी थांबवली की चालकाबरोबर प्रवासीही कायद्याच्या दृष्टीने थांबवलेला असतो आणि त्या थांब्याला आव्हान देण्याचा हक्क त्यालाही आहे, हे २००७ च्या ब्रेंडलिन खटल्यात स्पष्ट झाले आहे. त्यामुळे तक्रार करायची झाल्यास ती दोघांच्या नावे करावी.

आधी समजपत्रावरचा क्रमांक आणि वेळ जपून ठेवावी. अधिकाऱ्याच्या अंगावर कॅमेरा असेल, तर त्या चित्रणाची मागणी सार्वजनिक नोंदींच्या कायद्याखाली लवकर करावी; अटी राज्यागणिक वेगळ्या असतात आणि जुने चित्रण ठरावीक मुदतीनंतर पुसले जाते. त्यानंतर खात्याच्या अंतर्गत चौकशी विभागाकडे लेखी तक्रार द्यावी. तिच्यात अन्याय, अपमान असे शब्द मोघमपणे वापरू नयेत. समज दिल्यानंतर कोणत्या संशयावरून झडतीची परवानगी मागितली, आणि प्रवाशाच्या बॅगा त्याला न विचारता का उघडल्या, हे दोनच प्रश्न विचारावेत. बेकायदेशीरपणा सिद्ध झाला नाही तरी अशा तक्रारींवरून खात्यांनी संमतीचे नियम बदलल्याची उदाहरणे आहेत. काही ठिकाणी आता संमती लेखी घ्यावी लागते.

पुन्हा असा प्रसंग आलाच, तर कागदपत्रे परत मिळताच शांतपणे विचारावे, “मी आता निघू शकतो का?” उत्तर होकारार्थी असेल तर निघावे. झडतीची परवानगी मागितली, तर “माझी संमती नाही” एवढेच म्हणावे. कारण देण्याची गरज नाही आणि वादही घालू नये. तरीही झडती सुरू झाली, तर हाताने अडवू नये, केवळ तेच वाक्य पुन्हा उच्चारावे, म्हणजे ते कॅमेऱ्यात नोंदले जाते. परवानगी दिली असेल तरी ती अर्ध्यातून मागे घेता येते : “डिकी पाहिलीत, बॅगा उघडायला माझी संमती नाही,” असे त्या क्षणी म्हणता येते. हे वाक्य इंग्रजीत कसे म्हणायचे ते वडिलांनाही सांगून ठेवा, कारण त्यांच्या बॅगेबद्दल ते त्यांनीच म्हणायला हवे.