मदत हवी आहे: वॉर्डात बीपी मोजताना डायस्टोलिक (खालचा आकडा) पकडायचं कसं?

एमबीबीएसचं पहिलं वर्ष संपलं, आता वॉर्ड. फिजिऑलॉजीच्या लॅबमध्ये दंड धडधाकट वर्गमित्राचा असतो, इथे तसं नाही. पद्धत पक्की आहे: मनगटाची नाडी धरून दंडावरचा कफ (हवेची पट्टी) फुगवायचा, नाडी लागेनाशी झाली की पाऱ्याच्या आणखी ३० मिमी वर न्यायचा, मग स्टेथोने दंडावर ऐकत सेकंदाला २-३ मिमीने हवा सोडायची; आवाज सुरू होतो तो सिस्टोलिक (वरचा आकडा), बंद होतो तो डायस्टोलिक. नाडीची पायरी गाळली तर काहींचा आवाज मधेच काही मिमीपुरता बंद असतो, तो भाग फसवतो आणि सिस्टोलिक कमी भरतं.

अडतं ते पुढे. काही गरोदर बायांच्या दंडावर आवाज पार शून्यापर्यंत येतच राहतो. तेव्हा आवाज दबतो तो आकडा, म्हणजे या आवाजांच्या पाच टप्प्यांतला चौथा, लिहायचा. पण वॉर्डाच्या गोंगाटात ‘टप-टप’चं ‘धप-धप’ झालेलं कानाला कळावं कसं? स्टेथोची घंटेची बाजू लावता का? नाडी अनियमित असली तर किती वेळा मोजता? सीनियर मंडळींनी कृपया सांगा.