लुइझियाना : गोळ्यांना कुलूप, कुणाच्या जिवावर?

वकीलवाडा :
अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यात १ ऑक्टोबर २०२४ पासून मिफेप्रिस्टोन आणि मिसोप्रोस्टॉल ही गर्भपाताची औषधं नियंत्रित औषधांच्या चौथ्या परिशिष्टात, म्हणजे डायझेपामसारख्या गुंगीच्या गोळ्यांच्या रांगेत गेली. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय सापडली तर ५ वर्षांपर्यंत कैद. स्वतःसाठी बाळगणाऱ्या गरोदर बाईला यातून वगळलंय, हे टीकाकार सोयीस्कर विसरतात. मूळ विधेयक तर बाईला नकळत या गोळ्या चारणाऱ्याला शिक्षा करणारं होतं. कायदा योग्यच आहे.

लेबररूम :
मूळ विधेयकाला माझीही हरकत नाही. औषधांचं कलम मागाहून जोडलं, घोळ तिथे आहे. बाळंतपणानंतर गर्भाशय आवळलं नाही की रक्त धो धो जातं. आधी ऑक्सिटोसिन. नाही भागलं तर मेथर्जिन, पण बीपी वाढलेलं असेल तर ते देत नाहीत. दमा असेल तर कार्बोप्रोस्ट नको. शिवाय ही इंजेक्शनं फ्रीजमधली. मिसोप्रोस्टॉलच्या २०० मायक्रोग्रॅमच्या ४ गोळ्या जिभेखाली ठेवल्या की झालं, ना फ्रीज ना सुई. म्हणून तर ती रक्तस्रावाच्या ट्रॉलीत हाताशी असायची. ती आता कुलपाच्या कपाटात. दिवस भरलेल्या गर्भाशयाकडे मिनिटाला अर्धा लिटर रक्त जातं, तेवढ्यात नर्सनं पासवर्ड टाकत बसायचं?

वकीलवाडा :
भुलीसाठीचं जालीम वेदनाशामक फेंटानिलही कुलपातच असतं, म्हणून ऑपरेशनं अडतात का? आणि न्यूयॉर्कचे डॉक्टर टपालाने गोळ्या पाठवतात, त्याचं काय? जानेवारी २०२५ मध्ये तिथल्या एका डॉक्टरवर लुइझियानात आरोप ठेवले, तर न्यूयॉर्कच्या गव्हर्नरने ताबा द्यायला नकार दिला. राज्याने हात चोळत बसायचं?

सोळाआणे :
वकीलसाहेब, तुमच्याच उदाहरणात गोम आहे. तो आरोप गर्भपाताच्या औषधांबद्दलच्या वेगळ्या कायद्याखाली होता, या परिशिष्टाखाली नव्हे. म्हणजे टपाल रोखायला हे कलम लागलंच नाही.

लेबररूम :
आणि फेंटानिल देणारा भूलतज्ज्ञ ते आधीच काढून ठेवतो. रक्तस्राव सांगून येत नाही.

सोळाआणे :
आपल्याकडेही हेच झालं. २०१२ नंतर लिंगनिवड रोखायची म्हणून महाराष्ट्रात औषध दुकानांच्या तपासण्या वाढल्या आणि झंझट नको म्हणून कित्येक केमिस्टांनी एमटीपी किट, म्हणजे याच दोन गोळ्यांचं गर्भपाताचं पाकीट, ठेवणंच सोडलं. किट ९ आठवड्यांपर्यंतचं, सोनोग्राफीत लिंग दिसतं साधारण १२ आठवड्यांनंतर. ज्या गोळीचा लिंगनिवडीशी संबंधच येत नाही, तीच फळीवरून गेली.

वकीलवाडा :
ती केमिस्टांची भीती, कायद्याचा दोष नव्हे.

लेबररूम :
ट्रॉली रिकामी करणाऱ्यांनाही भीतीच होती.