अशक्तपणात देवाचे सामर्थ्य पूर्णतेस येते, म्हणजे आजारी माणसाच्या बाबतीत नेमके काय होते?

प्रश्न

सर्वांना प्रभूच्या नावाने सलाम. गेली 3 वर्षे मी संधिवाताने आजारी आहे. त्याआधी 12 वर्षे मी संडे स्कूलमध्ये शिकवीत होते आणि आजाऱ्यांच्या घरी प्रार्थनेसाठी जात होते. आता लोक मला भेटायला येतात, आणि त्यांतील बहुतेक जण निघताना बायबलमधील करिंथकरांस दुसऱ्या पत्रातील 12 व्या अध्यायाचे 9 वे वचन, ‘माझी कृपा तुला पुरेशी आहे, कारण अशक्तपणात माझे सामर्थ्य पूर्णतेस येते’, म्हणून जातात. तेच वचन मीही कितीतरी अंथरुणांशेजारी बसून म्हटले आहे, आणि आता ते आठवले की थोडी लाज वाटते.

माझा प्रश्न असा की देवाचे हे सामर्थ्य अनुभवास कसे येते? सकाळी मला गुडघे टेकता येत नाहीत, दुखण्यामुळे प्रार्थना दोन वाक्यांपुढे सरकत नाही आणि आतून बळ मिळाल्याची काहीही जाणीव होत नाही. माझा विश्वास उणा आहे का? शिवाय, कृपा पुरेशी आहे असे उत्तर ते पत्र लिहिणाऱ्या प्रेषित पौलाला मिळालेले असताना मी बरे होण्यासाठी प्रार्थना करीत राहणे म्हणजे ते उत्तर नाकारणे होते का?

उत्तर 1

ताई, दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तो सोपा आहे. आपल्या शरीरातील ‘काटा’, म्हणजे सतत छळणारी एक पीडा, दूर व्हावा म्हणून पौलाने प्रभूला तीनदा विनंती केली आणि त्या मागण्याबद्दल त्याला कोणी दोष दिला नाही. गेथशेमाने बागेत खुद्द प्रभूनेही दुःखाचा प्याला टळून जावा म्हणून तीन वेळा प्रार्थना केली. तो काटा कोणता, हे पौल सांगत नाही. गलतीकरांस पत्राच्या 4 थ्या अध्यायावरून काही अभ्यासकांना डोळ्यांचा विकार असावा असे वाटते, तर काहींना विरोधकांचा छळ अभिप्रेत वाटतो. मात्र त्याच काट्याला तो सैतानाचा दूत म्हणतो, म्हणजे दुखणे हीच एक चांगली गोष्ट आहे असे तो कोठेही म्हणत नाही, हे आपण फार लवकर विसरतो.

आता पहिला प्रश्न. करिंथ येथील मंडळीत पौलाविषयी असे बोलले जात होते की त्याची पत्रे वजनदार असतात, पण प्रत्यक्षात माणूस दुबळा आहे (10:10). त्यावर आपला मोठेपणा सिद्ध करण्याऐवजी तो 11 व्या अध्यायाच्या शेवटी दिमिष्क (दमास्कस) शहरातून आपण कसे निसटलो ते सांगतो: लोकांनी त्याला टोपलीत बसवून तटाच्या खिडकीतून खाली सोडले. प्रेषिताने स्वतःविषयी मुद्दाम सांगावी अशी ही गोष्ट खरे तर नव्हे, आणि म्हणूनच तो ती सांगतो. पुढे, ख्रिस्ताचे सामर्थ्य आपल्यावर येऊन राहावे असे तो लिहितो, तेव्हा त्याने वापरलेले ग्रीक क्रियापद ‘स्केने’, म्हणजे तंबू, या शब्दापासून बनलेले आहे. योहानाच्या शुभवर्तमानात ‘शब्द’, म्हणजे ख्रिस्त, देही होऊन आपल्यामध्ये राहिला असे म्हटले आहे, तेथील क्रियापदही याच कुळातले. मला हे चित्र फार महत्त्वाचे वाटते. तंबू आत बसलेल्या माणसाच्या अंगात शिरत नाही. तो त्याच्यावर उभा राहतो, आणि आतला माणूस होता तेवढाच अशक्त असतो. तेव्हा बळ अंगात आल्याची जाणीव झाली नाही म्हणून सामर्थ्य आलेच नाही, असा निष्कर्ष या वचनातून निघत नाही.

उत्तर 2

वरील विवेचन मला मान्य आहे, पण मी अनेक वर्षे एका दीर्घकालीन रुग्णाची शुश्रूषा केलेली असल्यामुळे एक गोष्ट जोडल्यावाचून राहवत नाही. हे वचन रुग्णाने स्वतः उच्चारणे आणि धडधाकट पाहुण्याने ते त्याला ऐकवणे, यांत फार अंतर आहे. पौलाला ते प्रभूने सांगितले होते. मंडळीतल्या कोणी त्याला गप्प बसवण्यासाठी ते वापरलेले नव्हते. इतरांच्या आजारपणात तोच पौल काय करतो ते पाहा: आपला तरुण सहकारी तीमथ्य याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घेण्यास सांगतो, आणि त्रफिम या सोबत्याला आजारी अवस्थेत मिलेत शहरात ठेवावे लागले हे काही न लपवता लिहितो. एलीया संदेष्ट्याने झुडपाखाली पडून मरण मागितले तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाणी दिले, झोपू दिले, आणि पुन्हा उठवून पुन्हा खाऊ घातले.

इस्राएलाचा युद्धनायक गिदोन याचा दाखलाही या संदर्भात वारंवार दिला जातो. इस्राएलाने विजयाचे श्रेय स्वतःकडे घेऊ नये म्हणून देवाने त्याचे 32,000 लोक 300 वर आणले, हे खरेच आहे; पण ती संख्या देवाने कमी केली होती. त्यावरून कोणी स्वतःची औषधे कमी करू लागला, तर तो विश्वास नव्हे. ताई, आपण असे करीत आहात असे मी म्हणत नाही, परंतु असे सल्ले देणारी माणसे मी पाहिली आहेत.

प्रश्नकर्तीचे प्रत्युत्तर

दोघांचीही मी आभारी आहे. तंबूचे चित्र मनात राहिले. औषधे नियमित चालू आहेत, त्याची काळजी नसावी. मला अजूनही खुपते ते प्रार्थनेचे. इतरांसाठी तासभर मध्यस्थी करणारी मी आता स्वतःसाठीही नीट मागू शकत नाही.

उत्तर 3

रोमकरांस पत्र 8:26 मध्ये आत्मा आपल्या अशक्तपणात आपल्याला साहाय्य करतो असे लिहिले आहे, आणि तेथे ‘अशक्तपणा’ या अर्थी मुळात तोच ग्रीक शब्द आहे, जो पौल काट्याविषयी लिहिताना वापरतो. तेथे अशक्तपणाचे उदाहरण म्हणून पौल नेमके हेच सांगतो की प्रार्थना कशी करावी हे आपल्याला कळत नाही. म्हणजे तुमची अडचण त्या वचनाच्या बाहेरची नाही. दोन वाक्ये तुम्हाला थोडी वाटत असली, तरी येशूच्या दाखल्यातील जकातदाराची प्रार्थना एकच वाक्य होती. तेवढेही जमत नसेल त्या दिवशी 88 वे स्तोत्र कोणाकडून तरी वाचून घ्या. ते अंधारातच संपते, आणि तरीही ते शास्त्रात ठेवलेले आहे.

विश्वास उणा आहे का, असे आपण विचारले होते. मार्काच्या शुभवर्तमानाच्या 2 ऱ्या अध्यायात चौघे जण एका पक्षघाती माणसाला छप्पर उघडून खाली सोडतात, आणि येशूने ‘त्यांचा’ विश्वास पाहिला असे तेथे लिहिले आहे. खाटेवरच्या माणसाने त्या घटनेत तोवर एक शब्दही उच्चारलेला नाही. आपल्याला भेटायला येणाऱ्यांपैकी कोणाला तरी पुढच्या वेळी वचन म्हणून दाखवण्याऐवजी अर्धा तास बसून आपल्या वतीने प्रार्थना करायला सांगा.