अँबेसेडर मार्क-२: डॅशबोर्डमागच्या मोकळ्या वायरी ओळखायच्या कशा?

मार्क२_कोल्हापूर

मंडळी, १९६८ ची मार्क-२ अँबेसेडर कामाला घेतली आहे. डायनमो (बॅटरी चार्ज करणारा) आणि कटआउट (त्याचं चार्जिंग सांभाळणारी पेटी) मूळचेच आहेत, फ्यूज बॉक्स दोन काचेच्या फ्यूजांचा. डॅशबोर्ड रंगायला गेलाय. मागे १४ टोकं मोकळी लोंबत आहेत आणि एकावरही खूण नाही. मूळच्या वायरी कापडी वेष्टनाच्या, पण सगळ्यांचा रंग आता चहासारखा झालाय. त्यात मधल्या काळात कुणीतरी घातलेल्या प्लास्टिकच्या चार वायरी आहेत, चारही लाल. दोन जाड वायरी पक्कडीने कापलेल्या दिसतात.

बॅटरी अजून लावलेली नाही. मल्टिमीटर बझरवर (जोड असली की बीप देतो त्यावर) ठेवून एक पिन बॉडीला लावली, तर १४ पैकी ९ टोकं बीप देतात. म्हणजे नऊ वायरी शॉर्ट आहेत का? बॅटरीवरून एक वायर आणून एकेका टोकाला करंट देऊन काय पेटतंय ते बघितलं तर चालेल का?

मिस्त्री_उद्यमनगर

दादा, टोकांना थेट करंट देऊ नका. त्या चौदातलं एक टोक पेट्रोलच्या टाकीतल्या फ्लोटकडे (पेट्रोल किती आहे ते गेजला कळवणाऱ्या तरंगत्या भागाकडे) जातं. तिथे सरळ १२ व्होल्ट गेले की फ्लोटवरची बारीक तार तापून जळते, आणि ती बसलेली असते पेट्रोलच्या वाफेत. टाकीवरची वायर आजच काढून ठेवा, बाकीचं मग.

नऊ टोकं बीप देतात त्यात घाबरण्यासारखं काही नाही. बल्बची फिलामेंट थंड असताना तिचा विरोध अगदी कमी असतो. इंडिकेटरचा २१ वॉटचा बल्ब पेटल्यावर जवळपास ७ ओहम दाखवेल, पण थंड असताना एक ओहमच्या आसपास. ५ वॉटचा टेलचा बल्ब थंड असताना तीनेक ओहम. बहुतेक मीटरचा बझर ३०-४० ओहमच्या आतलं सगळं शॉर्टच समजतो. बल्बचं दुसरं टोक बॉडीला असतं, त्यामुळे बल्बकडे जाणारी प्रत्येक धड वायर बीप देणारच.

म्हणून आधी बल्ब काढा. हेडलाइट, साइड, टेल, चारही इंडिकेटर, नंबरप्लेट, छतातला, सगळे. हॉर्न आणि वायपरच्या वायरी सोडा. कटआउटवरच्या डी आणि एफ या स्क्रूंच्या वायरी सुद्धा सोडा, कारण डी वायर डायनमोच्या आर्मेचरमधून (फिरणाऱ्या गुंडाळीतून) अर्थ, म्हणजे बॉडीशी जोड, दाखवते आणि एफ वायर फील्डमधून (स्थिर गुंडाळीतून) साधारण ६ ओहम दाखवते. चार्जिंगच्या लाल दिव्याची वायर या डी वरूनच येते, म्हणून ती हमखास फसवते. एवढं झालं की पुन्हा मोजा. आता जे टोक बीप देईल ते एकतर मुद्दाम दिलेलं अर्थ आहे, नाहीतर खरंच कुठेतरी पत्र्याला घासलंय.

मग टोकांना १ ते १४ नंबर द्या. कागदी टेपवर बॉलपेनने लिहिलं तर दोन दिवसांत पुसतं. इलेक्ट्रिकच्या दुकानात नंबरच्या पिवळ्या फेरुल (वायरीवर चढवायच्या छोट्या नळ्या) मिळतात, त्या ओवा. सहा मीटर लवचिक वायर घेऊन दोन्ही टोकांना क्रोकोडाईल क्लिप लावा. एक क्लिप मागच्या डाव्या इंडिकेटरच्या होल्डरमधल्या टिकलीला, दुसरी मीटरला, आणि मीटरची दुसरी पिन एकेका नंबरावर टेकवत जा. बीप आली की वहीत लिहा. मग उजवा इंडिकेटर, ब्रेक, टेल, हेडलाइट, पायाखालचा डिपरचा स्विच, हॉर्न, कटआउटचे ए आणि ए१, फ्यूज बॉक्सचे चारही स्क्रू. गाडीच्या बाहेरच्या टोकाकडून डॅशबोर्डकडे यायचं. उलट दिशेने गेलात तर एका वायरीला तीन-तीन उत्तरं मिळतात.

एका वायरीने दोन ठिकाणी बीप दिली तरी ती चुकीची असेलच असं नाही. या गाड्यांत साखळी असते. एकाच थिंबलात (टोकावरच्या धातूच्या टोपीत) दोन वायरी घट्ट दाबलेल्या दिसल्या तर त्या वेगळ्या करू नका. करंट पहिल्या स्विचच्या स्क्रूवर येतो आणि तिथूनच दुसऱ्या वायरीने पुढच्या स्विचकडे जातो. वेगळ्या केल्या की पुढचं सगळं बंद पडतं.

आणि एक. तांब्याची काडीएवढी बारीक नळी दिसली तर ती वायर समजून कापू नका. एक ऑइल प्रेशरची असते, दुसरी पाण्याच्या टेंपरेचरची असू शकते. टेंपरेचरची नळी कापली की गेज संपलं, ती पुन्हा भरून मिळणं अवघड.

शिरोली_नाका

मिस्त्रींनी पद्धत बरोबर सांगितली. रंगांबद्दल थोडं. कापडी वायर उघड्यावर काळी पडते, पण जुडग्याच्या आत, जिथे उजेड आणि तेल पोचत नाही तिथे, रंग अजून असतो. फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या) भोकातल्या रबरी ग्रोमेटपासून आत दोन इंच वरचं वेष्टन ब्लेडने उभं चिरा, आडवं नको. कापसाच्या बोळ्यावर थोडं स्पिरिट घेऊन हळूच पुसा. खसाखसा घासलं तर विणच सुटते. मुख्य रंगात विणलेला दुसरा रंगीत धागा दिसेल, तोच महत्त्वाचा.

वायरिंग लुकास या ब्रिटिश इलेक्ट्रिक कंपनीच्या पद्धतीचं आहे, तेव्हा रंग असे वाचायचे. तपकिरी म्हणजे बॅटरीचा कायमचा करंट, फ्यूजच्या आधीचा. पांढरी चावी फिरवल्यावर येणारी. हिरवी चावीनंतर आणि फ्यूजमधून आलेली: वायपर, ब्रेक, पेट्रोल गेज, फ्लॅशर (इंडिकेटर लुकलुकवणारा डबा). निळी हेडलाइटची, त्यात निळी-पांढरी अप्पर, निळी-लाल डिपर. लाल म्हणजे साइड आणि टेल, लाल-पांढरी डॅशबोर्डच्या दिव्यांची. हिरवी-लाल डावा इंडिकेटर, हिरवी-पांढरी उजवा. हिरवी-जांभळी ब्रेक लाइट. हिरवी-काळी टाकीच्या फ्लोटची. काळी अर्थ.

पण रंग हा अंदाज, खात्री मीटरने. पन्नास-पंचावन्न वर्षांत हातात असेल ती वायर जोडलेली असते. तुमच्या चार लाल वायरी लुकासच्या हिशेबाने टेलच्या, आणि प्रत्यक्षात त्या काहीही असू शकतात.

रंग गेलाच असेल तर तारा मोजा. टोक अर्धा इंच सोला आणि पदर उलगडा. १४ तारांची वायर साधारण ८ अँपिअरची, म्हणजे दिवे, गेज, इंडिकेटर. २८ तारांची १७ अँपिअरची, हेडलाइट वगैरे. ४४ तारांची २७ अँपिअरची, म्हणजे मुख्य फीड. तारा काळ्या किंवा हिरव्या निघाल्या तर चकाकी दिसेपर्यंत मागे कापत जा. आपल्याकडच्या पावसाळ्यात ओल कापडातून आत चढते आणि टोकापासून तीन-चार इंच तांबं खाऊन टाकते. असं टोक मीटरवर बीप देईल, पण लोड पडला की दिवा मिणमिणेल.

बॅटरी लावायच्या आधी एक गोष्ट नक्की बघा: बॉडीला प्लस आहे की मायनस. ही गाडी मुळात मॉरिस ऑक्सफर्डवरून आलेली, आणि त्या काळच्या बीएमसीच्या (मॉरिस बनवणाऱ्या ब्रिटिश कंपनीच्या) गाड्यांना प्लस अर्थ असायचा. मधे कुणी बदललं असेल किंवा नसेल. आताचा म्युझिक सिस्टीम मायनस अर्थचा असतो; प्लस अर्थच्या गाडीत त्याची पेटी पत्र्याला टेकली की धूरच निघतो. मायनस अर्थ करणार असाल तर डायनमोची पोलॅरिटी बदलायला विसरू नका: डी आणि एफ च्या वायरी काढून, बॅटरी नव्या दिशेने लावून, तिच्या लाइव्ह (बॉडीला न जोडलेल्या) टोकावरून एक वायर डायनमोच्या एफ टर्मिनलला दोन-तीन वेळा क्षणभर टेकवा. इग्निशन कॉइलवरच्या दोन वायरीही अदलाबदल करा.

मार्क२_कोल्हापूर

बल्ब, हॉर्न, वायपर, डी-एफ सगळं सोडून पुन्हा मोजलं. दहा टोकं लागली, वहीत लिहिली. उरलेली अशी:

३ नंबर: ४४ तारा, आत तपकिरीत निळा धागा, कटआउटच्या ए१ ला बीप.
९ आणि १२: याही ४४ तारांच्या आणि तपकिरी-निळ्या. बाहेर कुठेच लागत नाहीत, फक्त एकमेकींना बीप देतात.
११: प्लास्टिकची लाल, १४ तारा, बॉडीला ०.२ ओहम.

आणि लागलेल्या दहांतली ७ नंबर हिरवी-काळी वाटते. टाकीवर वायर परत जोडून मोजली तर ३८ ओहम येतात, पण आकडा स्थिर राहत नाही.

मिस्त्री_उद्यमनगर

७ नंबर फ्लोटचीच. खात्रीसाठी एकाला मागचा बंपर धरून गाडी हलवायला सांगा. पेट्रोल डचमळलं की आकडा वर-खाली होतो, तसा दुसऱ्या कुठल्याच वायरीचा होत नाही.

९ आणि १२ या दोन वायरी नव्हेत, एकाच वायरीची दोन टोकं आहेत. ए१ वरून ३ नंबर लाइट स्विचवर येते, आणि तिथून हा तुकडा चावीच्या स्विचकडे जातो. म्हणून ३ आणि ९ एका थिंबलात घेऊन लाइट स्विचच्या फीडला लावा, १२ चावीच्या फीडला. ९ कुठलं आणि १२ कुठलं हे टोकांच्या लांबीवरून ठरवा, करंटला फरक पडत नाही. पक्कडीने कापलेल्या त्याच असतील तर जोडायला नुसता पीळ आणि टेप चालणार नाही. गाडीचा निम्मा करंट तिथून जातो. तांब्याची स्लीव्ह दाबा, डाग द्या (सोल्डर करा), वरून हीट श्रिंक (तापवल्यावर आवळणारी नळी).

११ लाल आहे म्हणून करंटची समजू नका. बल्ब नसताना ०.२ ओहम म्हणजे एकतर कुणी लाल वायर अर्थसाठी वापरली आहे, नाहीतर दाराच्या पट्टीखाली स्क्रूने भोसकली आहे. दुसरं टोक हाताने माग काढत शोधा. नंतरची वायर आहे, उपयोग नसेल तर दोन्ही टोकांनी सोडवून पूर्ण बाहेर काढा. अर्धवट कापून टेप लावून ठेवली तर पुढच्या वेळी हाच प्रश्न पुन्हा.

शिरोली_नाका

सगळं जोडून झाल्यावर पहिल्यांदा करंट देताना बॅटरीच्या लाइव्ह केबलऐवजी मधे २१ वॉटचा बल्ब ठेवा, होल्डर आणि दोन क्लिप. कितीही शॉर्ट असला तरी पावणेदोन अँपिअरपेक्षा जास्त करंट जाणार नाही, वायर जळणार नाही. सगळे स्विच बंद आणि दारं लावलेली असताना हा बल्ब विझलेला हवा. भगभगीत पेटला तर शॉर्ट. फ्यूज एकेक काढत जा. मग स्विच एकेक चालू करा. साइड लाइटला बल्ब निम्मा पेटेल, ते बरोबर आहे, व्होल्टेज दोघांत वाटलं जातं.

फ्यूजबद्दल: जुन्या लुकासच्या काचेच्या फ्यूजवर लिहिलेला ३५ हा उडायचा आकडा आहे, सतत चालायचा १७. आताच्या फ्यूजवर सतत चालायचा आकडा लिहितात, म्हणून ३५ मागून आणू नका, १५ किंवा २० चा लावा.

मार्क२_कोल्हापूर

बल्ब मधे ठेवून बघितलं. स्विच बंद असताना विझलेला. पण चावी फिरवली की जोरात पेटतो. चावीनंतर कुठेतरी शॉर्ट?

मिस्त्री_उद्यमनगर

बहुतेक नाही. डिस्ट्रिब्युटरचे पॉइंट (कॉइलचा करंट जोडणारा-तोडणारा संपर्क) मिटलेल्या जागी इंजिन थांबलं असेल, तर कॉइल सरळ अर्थला जोडलेली असते. तिचा विरोध तीनेक ओहम, म्हणून बल्ब पेटणारच. कॅप काढा, पॉइंटच्या फटीत पोस्टकार्डाचा तुकडा सरकवा आणि चावी पुन्हा फिरवा. बल्ब विझला किंवा अगदी मंद राहिला, तर बॅटरी सरळ जोडायला हरकत नाही. तसाच पेटत राहिला तर कॉइलवरची पांढरी वायर सोडून बघा आणि काय झालं ते इथे लिहा.