एफ७ दाबलं आणि स्क्रीन काळी झाली, पट्ट्या गेल्या का?

हळदवाला_सांगली
मार्केट यार्डात आमचं अडत दुकान आहे. मशीनवर भाच्यानं विंडोजऐवजी लिनक्सचं उबुंटू २२.०४ टाकून दिलंय. आज सौदे उरकल्यावर कॅल्कमध्ये, म्हणजे हिशेबाच्या तक्त्यात, पट्ट्या (शेतकऱ्यांना द्यायच्या हिशेबाच्या चिठ्ठ्या) करत होतो. पोती, वजन, हमाली, तोलाई सगळं भरत आणलं आणि एकदम गोठलं. माऊससुद्धा हलेना. भाच्यानं कागदावर लिहून ठेवलंय, 'अडकलं तर कंट्रोल+ऑल्ट+एफ३, परत यायला एफ७.' एफ३ दाबल्यावर काळ्या पडद्यावर लॉगिन मागितलं. नाव उमटलं, पण पासवर्डचं एक अक्षर उमटेल तर शपथ. तसाच एंटर मारला तर 'इनकरेक्ट'. तीनदा तेच. मग एफ७ दाबलं तर पडदा कोरा, कोपऱ्यात एक रेघ तेवढी लुकलुकतेय. ३२ पट्ट्या आत आहेत, जतचा शेतकरी समोर बसलाय, भाचा फोन उचलत नाही. बटण दाबून बंद करू का?

मिरजेचा_रिपेअरवाला
बटणाला हात लावू नका. कंट्रोल+ऑल्ट+एफ२.

हळदवाला_सांगली
आलं! शीट दिसतंय, पण गोठलेलंच आहे.

झटपट_विटा
एवढी भानगड कशाला? रीस्टार्ट मारा, दोन मिनिटांचं काम.

तारमास्तर_सातारा
विट्याचे भाऊ, ३२ पट्ट्या परत तुम्ही भरणार का?

हळदवाले, मी साताऱ्यात तार ऑफिसात टेलिप्रिंटरवर होतो. त्या काळ्या पडद्याला टीटीवाय म्हणतात. टीटीवाय म्हणजे टेलिटाइप, आमचंच यंत्र. एकाच कीबोर्ड-पडद्यावर अशी अनेक यंत्रं आहेत असं लिनक्स धरून चालतं. कंट्रोल-ऑल्ट दाबून तुम्ही फक्त एका यंत्रावरून उठून दुसऱ्यापुढे बसता. पहिल्यावरचं काम जिथल्या तिथं राहतं. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, अशी ६३ यंत्रं मांडू शकतं, पण लॉगिन विचारणारा माणूस साधारण पहिल्या सहांवरच बसवलेला असतो. सातव्यावर कोणी नाही, म्हणून कोरा पडदा. भाच्याचं फार चुकलं नाही. उबुंटूत १७.०४ पर्यंत चित्रांचा पडदा सातवरच असायचा. १७.१० पासून एकवर लॉगिन आणि दोनवर तुमचं काम असं झालं. मिंट नावाचं दुसरं लिनक्स वापरणाऱ्या काहींकडे अजून सातच आहे.

आता पासवर्ड. तुम्ही दाबलेलं अक्षर मशीन उलट पाठवतं, म्हणून पडद्यावर दिसतं. पासवर्डाला ते उलट पाठवणं बंद ठेवतं. चांदण्यासुद्धा येत नाहीत. तरी चुकतोय म्हणजे आकडे उजवीकडच्या कीपॅडवरून मारताय का? त्या कीपॅडचे आकडे चालू-बंद करणारा नमलॉक प्रत्येक पडद्याचा वेगळा असतो. अक्षरांच्या वरच्या ओळीतले आकडे वापरा.

आत गेल्यावर इंग्रजीत 'टॉप' टाइप करा आणि शिफ्ट धरून एम दाबा. सगळ्यात जास्त मेमरी खाणारा वर येतो. कोण आहे ते सांगा. बाहेर पडायला क्यू.

हळदवाला_सांगली
मास्तर, आकड्यांचंच होतं! वरती पाच-सहा ओळी 'आयसोलेटेड वेब' अशा काहीतरी आहेत. कॅल्क पार खाली. पण फाइलींची यादी बघायला 'एलएस' केलं तर मराठी नावाच्या फाइली नुसत्या चौकोन-चौकोन. त्या खराब झाल्या का?

तारमास्तर_सातारा
फाइलींना काही झालेलं नाही. त्या पडद्याच्या फॉन्टात जास्तीत जास्त ५१२ आकार मावतात, आणि वेलांटी-जोडाक्षर जुळवणं त्याला येतच नाही. चित्रांच्या पडद्यावर नावं नीट दिसतील.

त्या ओळी फायरफॉक्सच्या. म्हणजे कॅल्क निर्दोष. 'पीकिल' लिहा, एक जागा सोडा, 'फायरफॉक्स' लिहा, सगळं इंग्रजीत, लहान अक्षरांत. पुढे उणे नऊ लावू नका. नुसत्या पीकिलनं प्रोग्रॅमला आवरायला वेळ मिळतो, उणे नऊ म्हणजे सरळ गळा आवळणं. मिनिटभर थांबा, मग एफ२.

हळदवाला_सांगली
सुटलं!! माऊस हलला, ३२ च्या ३२ आहेत. आधी कंट्रोल+एस दाबलं, मग पाणी प्यालो. दुपारी पोरानं मॅच लावली होती, ती मागं तशीच चालू होती. जतच्या पाहुण्यांना पट्टी देऊन वाटेला लावलं.

तारमास्तर_सातारा
छान. सवड मिळाली की एफ३ वर 'एसटीटीवाय' लिहून गंमत बघा. 'स्पीड ३८४०० बॉड' असं येईल. बॉड म्हणजे तारेवरून सेकंदाला किती खुणा जातात ते माप. आमचा टेलिप्रिंटर ५० बॉडचा, मिनिटाला ६६ शब्द. तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली, पण पडद्याला अजून बॉड चिकटलेलाच! कसला आलाय पडद्याला वेग?

आणि काम झाल्यावर एफ३ वर 'एक्झिट' केलंत ना? दोन नंबरच्या पडद्याला कुलूप लावलं तरी तीन नंबर उघडा राहतो. कोणीही तीन बोटं दाबून तुमच्या नावानं आत.

हळदवाला_सांगली
नाही केलं. आता घरी आलोय. पण येताना मशीन रीतसर बंद केलंय.

तारमास्तर_सातारा
मग सगळीच यंत्रं बंद झाली. त्या कागदावरचं सात खोडून दोन करा.

हळदवाला_सांगली
भाच्याचा आत्ता फोन आला. म्हणतो, 'मामा, एफ७ दाबून बघा.'