ओकच्या फळीवरचं ‘अम्माऊसचं भोजन’: डच आहे का, आणि कुणाचं?

पेठकर
पुण्याच्या कॅम्पातल्या जुन्या बंगल्याच्या सामानात निघालेलं तैलचित्र आहे. विषय बायबलमधला: पुन्हा उठलेला ख्रिस्त अम्माऊस गावी दोन शिष्यांसोबत जेवायला बसतो. 48 × 63 सेंमी, ओकच्या दोन आडव्या फळ्या जोडलेल्या. टेबलावर मेणबत्ती, मधे ख्रिस्त डावा हात उचलून आशीर्वाद देतोय, बाजूला दोन शिष्य. खाली उजवीकडे ‘जी. हॉन्टहॉर्स्ट’ अशी सही. वार्निश पार पिवळं पडलंय. मालक म्हणतात सतराव्या शतकातलं, वेंगुर्ल्याच्या डच वखारीतून आलेलं. कसं तपासावं? आधी साफ करून घेऊ का?

तैलरंग
साफ अजिबात नको. बटाटा, साबणाचं पाणी, जवसाचं तेल यातलं काहीही लावू नका. वार्निशच्या थरात पुरावा असतो.

आता तो डावा हात. आशीर्वाद उजव्या हातानेच देतात आणि त्या काळच्या चित्रकाराला हे पक्कं माहीत असे. तांब्याच्या पत्र्यावर कोरलेलं चित्र कागदावर उलटं उमटतं. त्या छापावरून कुणी रंगवलं की उजव्याचा डावा होतो. शिष्याच्या हातात सुरी असेल तर तीही डावीकडे गेलीय का बघा. फोटो आडवा उलटा करा आणि हेगच्या आरकेडी या कला-इतिहास संस्थेच्या आणि अ‍ॅमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियमच्या ऑनलाइन संग्रहात तशी मांडणी शोधा. दोन्ही मोफत आहेत. अशा नकला सतराव्या शतकातही होत, त्यामुळे नक्कल म्हणजे नवीन असं धरू नका.

हॉन्टहॉर्स्ट (1592–1656) नेदरलँड्समधल्या उट्रेख्टचा चित्रकार. इटलीहून 1620 मध्ये परतला, मेणबत्तीच्या उजेडातल्या चित्रांसाठी गाजला. म्हणूनच मेणबत्ती दिसली की त्याचं नाव चिकटवलं जातं. सही 10 पट भिंगाखाली बघा: तिचा रंग तड्यांत उतरला असेल तर तडे आधीचे, सही नंतरची. मग अंधाऱ्या खोलीत अतिनील टॉर्च, 365 नॅनोमीटरचा. तापकीर गल्लीत नोटा तपासायचे मिळतात ते बहुधा 395 चे, त्यांचा जांभळा उजेडच फार पडतो. जुनं राळेचं वार्निश हिरवट चमकतं, त्यावरचं नंतरचं रंगकाम काळं दिसतं. डोळ्यांना अतिनील किरण अडवणारा चष्मा लावा.

वेंगुर्ल्यात डच वखार होती हे खरं. पण चित्र तिथून आल्याचा कागद हवा, नाहीतर ती नुसती ऐकीव गोष्ट.

सुतारपाठ
चित्र उलटं करा, पुढच्यापेक्षा मागे जास्त कळतं. जुन्या फळीच्या कडा मागून उतरत्या तासलेल्या असतात. करवतीच्या खुणा कमानीसारख्या गोल असतील तर ती गोल पात्याची करवत, म्हणजे फळी बहुतेक एकोणिसाव्या शतकातली किंवा नंतरची. कड स्वच्छ असेल तर वाढवलयं मोजून झाड कोणत्या वर्षानंतर तोडलं ते काढता येतं. मात्र ते लाकडाचं वय. जुन्या फळीवर नंतरही रंगवता येतं.

पावसाळ्यात फळी वाकली तर दाबून सरळ करू नका, मागे पट्ट्या ठोकू नका. लाकडाला हलायला जागा नसली की जोड उघडतो, रंग उडतो. बाहेरच्या भिंतीला लावू नका, मागे दोन-तीन सेंमी हवा खेळू द्या. एसी कधी चालू कधी बंद अशी खोली सर्वांत वाईट.

पेठकर
बघितलं. सहीचा काळा रंग तड्यांत उतरलाय, टॉर्चखालीही काळीच दिसते. मागे कडा तासलेल्या, करवतीच्या खुणा सरळ.

तैलरंग
मग सही नंतरची, फळी मात्र जुनी वाटते. पुढे पांढऱ्या रंगाची क्ष-किरण चाचणी करून घ्या. मूळ रंगात टायटॅनियम पांढरा निघाला तर काम विसाव्या शतकातलं. शिसं निघालं तर जुनेपणाला वाव आहे, पण तेवढ्याने सिद्ध होत नाही. मूळ छाप सापडून तो हॉन्टहॉर्स्टच्याच चित्राचा ठरला, तर नोंद ‘हॉन्टहॉर्स्टच्या चित्रावरून, अज्ञात हात, सही नंतरची’ अशी करा. ‘हॉन्टहॉर्स्टचं मानलेलं’ असं लिहू नका. बाजारात या दोन शब्दप्रयोगांत किमतीचा प्रचंड फरक आहे.

एक कायद्याचं: 100 वर्षांहून जुनं चित्र 1972 च्या पुरावस्तू कायद्याखाली येतं, मग ते विदेशी का असेना. खासगी व्यक्तीला ते देशाबाहेर नेता येत नाही. बाहेरच्या जाणकाराला फोटोच पाठवा: पुढून, मागून, चारही कडा, सही जवळून, आणि एक बाजूने तिरका उजेड टाकून काढलेला.